कानात कापूस घालून पाहिलेलं शहर

१२ जानेवारी

प्रिय बाबा,

नमस्कार आधी तुम्हाला करावा की आत्याला, यातच माझा अर्धा तास गेला. तुम्ही दोघंही मनावर घेता. तेव्हा एकच पाठवते, वाटून घ्या.

खोल्या मिळाल्या. पुढची लहान आहे, तिच्यात स्वयंपाक आणि मी. मागची मोठी, तिला खिडकी आहे, ती तुमची. घरमालकिणीला मी सांगूनही टाकलं की वडील राहायला येणार आहेत. आणि तुम्ही तर अजून ‘येतो’ म्हणालेला नाहीत. तिने विचारलं, “वडील काय करतात?” म्हटलं, रस्त्याखालच्या पाइपांची गळती ऐकून शोधायचे. “ऐकून?” म्हटलं, हो, लोखंडी सळई जमिनीवर टेकवायची आणि वरचं टोक कानाला लावायचं. सगळं आयुष्य आमच्या गावाच्या पाणीखात्यात त्यांनी हेच केलं, आणि मलाही तेच शिकवलं. मग मला वाटलं अर्धंच सांगितलं तर ते खोटंच, म्हणून पुढचंही सांगितलं, की दोन हिवाळ्यांपूर्वी त्यांचे कान गेले, आता समोरच्याचे ओठ पाहून बोलणं ओळखतात आणि घरी असतात. ती म्हणाली, “बरंय, मग वरच्या बिऱ्हाडाची कटकट तरी ऐकू येणार नाही त्यांना.” मला हसावं की रागवावं कळेना.

बाबा, मी निघाले तेव्हा आत्याने स्टेशनवर मला तुमचं बोलणं सांगितलं. “बहिऱ्याने मोठ्या शहरात जाऊन काय करायचं? दाराशी खांबासारखं उभं राहायचं?” ते काही माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून मी ठरवलंय की या शहरात मला आवडलेल्या जागा तुम्हाला एकेक करून लिहायच्या. अट मीच मला घातली आहे. कानांमुळे आवडलेली जागा चालणार नाही. प्रत्येक ठिकाणी कानात कापूस, त्यावर मेण, आणि तरीही जी आवडेल तेवढीच लिहायची. तुम्हाला फसवून आणलं असं उद्या कोणी म्हणायला नको. कोणी म्हणजे मुख्यतः मीच.

पहिली जागा मी शिकाऊ उमेदवार म्हणून लागले त्या इथल्या पाणीखात्याचं पंपघर. बाहेरून शाळेसारखं दिसतं, साधं विटांचं. आत गेलं की छत इतकं वर की मान दुखते, आणि खाली एका ओळीत घराएवढे पंप. मी चपला काढल्या. आधी तळव्यांना गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं. मग ते गुडघ्यांपर्यंत चढलं, बरगड्यांत आलं, आणि शेवटी माझे दात एकमेकांवर हलके हलके वाजायला लागले. कानात काहीच नव्हतं, आणि तरी एवढं भरून आलेलं मी कधी काही अनुभवलं नव्हतं. तिथल्या पंपवाल्या काकांनी मला अनवाणी, कानात बोळे घालून उभी पाहिली. मला वाटलं आता ओरडणार. त्यांनी नुसतं बोट दाखवलं, कोपऱ्यातल्या लोखंडी खांबाला पाठ लावून उभी राहा. लावली. बाबा, या क्षणी शहरात जो कोणी पेला तोंडाला लावतोय, त्यातलं पाणी माझ्या पाठीमागून गेलेलं आहे, असं मनात आलं आणि मला तिथून पटकन बाहेर यावं लागलं. रडणारी उमेदवार कोणालाच नको असते.

काम सुरू झालंय. पहाटे रस्ते जागे व्हायच्या आधी मुकादमांबरोबर निघतो. त्यांच्याकडे यंत्र आहे, पण ते म्हणतात आधी सळई, मग यंत्र. मला ते आवडलं.

याल ना?

तुमची
मुंगी


२० जानेवारी

मुंगे,

पत्र पोचलं. नमस्कारातला मोठा वाटा तुझ्या आत्याने उचलला, मला उरलंसुरलं.

कानात बोळे घालून तू मोठ्या शहरात रस्ते ओलांडतेस. शाबास. लहानपणी तुला शाळेत न घालता मी रस्त्यांवर आणि तुझ्या आत्याने स्वयंपाकघरात शिकवलं, तेव्हा लोक म्हणायचे पोर अर्धवट राहील. त्यांचं खरं ठरवू नकोस. बोळे घालायचे तर आत पोचल्यावर घालायचे.

पंप मी पुष्कळ पाहिलेत. पण ते दातांचं लिहिलंस ते मला माहीत नव्हतं. ऐकू येत होतं तेव्हा दातांकडे कोण लक्ष देतो.

मी येणार नाही. रागावून म्हणत नाहीये. इथे मागून सायकल आली तर सायकलवाल्यालाच ठाऊक असतं की या म्हाताऱ्याला ऐकू येत नाही, तो आपणहून वळतो. तिथे कोण वळणार? आणि तू कामावर गेलीस की मी चार भिंतींत. कोण आलं, कोण गेलं, काही पत्ता नाही. बाहेर पडायचं तर तुझा हात धरून. मी तुला हात धरून चालवलं, तेवढं पुरे झालं. आता उलटं नको.

कामाचं लिही. काय ऐकलंस?

बाबा

(कडेला, आत्याच्या अक्षरात: ‘येणार नाही’ लिहिताना दोनदा पेन खाली ठेवलं होतं. तू लिहीत राहा.)


६ फेब्रुवारी

प्रिय बाबा,

रागावू नका, या वेळी आत पोचल्यावरच बोळे घातले.

तुम्ही म्हणालात तिथे तुमच्यासाठी कोण वळणार, म्हणून मी मुद्दाम मोठ्या वाचनालयात गेले. त्याचं मधलं दालन म्हणजे उलट्या ठेवलेल्या होडीसारखं आहे, वरून उजेड येतो आणि लांब लांब टेबलांवर सांडतो. तिथे बाबा, सगळेच बहिरे. कोणी कोणाशी बोलत नाही, हाक मारली तर कोणी वर बघत नाही. माणूस हवा असेल तर खांद्यावर हळूच बोट टेकवतात. मी तासभर बसले आणि मला वाटलं, इथे तुम्ही कोणापेक्षा उणे नाही. ही जागा दुसरी.

तिसरी मात्र मला कशी लिहावी कळत नाही. तुम्हाला गावातली टाकी ठाऊक आहे, उंच, चार पायांची. इथे एक जुनी टाकी जमिनीखाली आहे. वर्षातून एकदा धुण्यासाठी रिकामी करतात, आणि यंदा ते काम आमच्या तुकडीकडे आलं. वर नुसती बाग आहे. घसरगुंडी, बाकं, गवतावर झोपलेले लोक. गवतात एक झाकण. झाकणाखाली शिडी. मी खाली उतरले, बोळे घातले आणि दिवा वर धरला.

खांब. विटांचे खांब, एकामागे एक, दिवा पुढे नेला की आणखी खांब, आणि त्यांच्यावर कमानी, आणि कमानींच्या पलीकडे कमानी. उजेड संपला पण टाकी संपली नाही. खाली पाण्याचा पातळ थर होता, त्यात सगळं पुन्हा उलटं दिसत होतं, म्हणजे मी खांबांच्या मधोमध हवेत लटकले होते असं समजा. मी भिंतीवर हात ठेवला. भिंत गार आणि जिवंत होती, गाईच्या नाकपुडीसारखी. बाबा, त्या विटांची धार सगळीकडे सरळ आहे. ज्याने बांधली त्याला माहीत होतं की हे पाण्याने भरणार, वर माती पडणार, आणि कोणी कधी पाहणार नाही. तरी एक वीट वाकडी नाही. मी आपल्या घरातली चादर घालतानासुद्धा पाहुणे येणार नसतील तर कोपरे दुमडत नाही. तिथे उभी राहून मला त्या चादरीची लाज वाटली.

वर आले तर एक मूल घसरगुंडीवरून माझ्याच अंगावर आलं. त्याला काय सांगू, तू कशावर घसरतोयस?

काम ठीक आहे.

मुंगी


१४ फेब्रुवारी

मुंगे,

खांबांचं दोनदोनदा वाचलं. तुझ्या आत्याला मोठ्याने वाचून दाखवलं, ती म्हणते मी इतक्या मोठ्याने वाचलं की समोरच्या शिंपिणीलाही आता त्या टाकीची सगळी माहिती आहे. ती विचारत होती, कमानी किती.

पण एवढं पानभर टाकीचं आणि कामाची एक ओळ. ‘ठीक आहे.’ लहानपणी तू ‘ठीक आहे’ म्हणालीस की मी आधी तुझ्या कपाळाला हात लावायचो.

कोणी त्रास देतं का? मुकादम चढ्या आवाजाचा आहे का? मुलगी म्हणून सळई हातात देत नाहीत का? तसं असेल तर सरळ सांग. माझ्या ओळखीचा तिथे कोणी नाही, पण पत्र लिहून मी कोणाचंही डोकं खाऊ शकतो, हे तुझ्या आत्याला विचार.

बोळे घालून पाहिलेलं पुष्कळ झालं. बोळे काढून काय ऐकतेस ते लिही.

बाबा

(कडेला: रात्री जेवताना म्हणाला, पोरीला काहीतरी खुपतंय. मी म्हटलं जाऊन बघ मग. घास तसाच हातात ठेवून बसला. आत्या)


१ मार्च

प्रिय बाबा,

हे पत्र मी तीनदा फाडलं. आता चौथं फाडायचं नाही असं ठरवून लिहिते.

कोणी त्रास देत नाही. मीच चुकले.

टाकीच्या थोडं आधीची गोष्ट. जुन्या बाजाराच्या चौकात सळई लावली आणि खाली पाणी वाहताना ऐकलं. भरपूर. स्पष्ट. पाइप तिथूनच जातो. मुकादमांनी विचारलं, “नक्की?” तुम्हाला माहीत आहे, मी ‘नक्की’ हा शब्द किती जपून वापरते. डाळ शिजली का असं कोणी विचारलं तरी मी ‘बहुतेक’ म्हणते. पण मी म्हटलं, “नक्की.” आणि खडूने फुली मारली.

चौक बंद केला. दुकानदारांचा दिवस बुडाला. दिवसभर खणलं. पाइप उघडा पडला तर वरून खालून कोरडा ठणठणीत, एक थेंब नाही. आमच्या तुकडीत एक लंबू आहे, तो खड्ड्यात डोकावून म्हणाला, “खात्याने उंदीर मारायला माणसं ठेवली होती, आता घूसच भरती केली.” सगळे हसले. मीही हसले, बाबा. दुसरं काय करणार.

मग मुकादम खड्ड्यात पालथे पडले आणि पाइपाच्या खालचे दगड बाजूला सारायला लागले. “पोरीने काहीतरी ऐकलंय,” एवढंच म्हणाले. दगडांखाली विटांची जुनी कमान निघाली, तिला एक खिंडार होतं. दिवा आत सोडला. खाली काळं पाणी वाहत होतं. पाइपातलं नाही. रुंद, स्वतःच्या चालीने जाणारं.

आमच्या मोठ्या बाई आल्या, इंजिनियर. त्या बराच वेळ गुडघ्यांवर बसून पाहत राहिल्या. म्हणाल्या, “ही नदी आहे. शहर वाढलं तेव्हा हिला वरून बांधून काढलं. आटली असं सगळे धरून चाललो होतो.” हसणं थांबलं. बाजारातली माणसं एकेक करून आली, खड्ड्यात वाकून पाहिलं आणि मागच्याला जागा दिली. एक वाणी म्हणाला, “म्हणजे मी जन्मभर नदीत बसून साखर विकली.” त्याच्या तोंडावर जे होतं ते मला सांगता येणार नाही. बाप परदेशाहून अचानक दारात उभा राहावा, तसं काहीतरी.

एवढं मोठं माझ्या समोर घडलं आणि तरी माझ्या मनात एकच, की मी नक्की म्हटलं होतं आणि ते चूक होतं. तुम्ही शिकवलेल्या कानाने मी नदीला गळती म्हटलं. उद्या खऱ्या गळतीला नदी म्हणेन. मी मोठ्या बाईंकडे अर्ज दिलाय, मला कचेरीतलं टेबलावरचं काम द्या म्हणून.

आणि एक. पंपघरात बोळे घातले ते तुमच्यासाठी. टाकीत घातले ते माझ्यासाठी. ऐकूच आलं नाही की चुकायची भीती राहत नाही. हे तुम्हाला लिहिलं नसतं तर मला झोप लागली नसती.

खड्डा अजून उघडा आहे, फळ्या टाकून. पाहणी झाली की बुजवणार.

मुंगी


६ मार्च

मुंगे,

अर्ज परत घे.

नदी गळतीपेक्षा वेगळी कशी ऐकू येते हे मी तुला शिकवलं नाही, कारण मी ती कधी ऐकलीच नाही. आपल्या गावाखाली आहे काय? पाइप आणि मुरूम. मला जेवढं येत होतं तेवढं तुला दिलं, त्याच्या पुढे तू गेलीस आणि ठेचकाळलीस. याला चूक म्हणत असतील तर म्हणोत.

पत्र वाचल्यापासून मी घरात फेऱ्या मारतोय. जमिनीखालून नदी जाते, वर लोक साखर विकतात, आणि ती पहिल्यांदा ऐकली कोणी तर माझ्या पोरीने. आणि तिला लाज वाटते. कठीण आहे.

मोठ्या बाईंना विचार, माणूस गावाहून येईपर्यंत खड्डा ठेवता येईल का. नाही म्हणाल्या तर नाही. मी निघतोय. राहायला नाही. पाहायला. परतीचं तिकीट काढूनच निघतोय, तेव्हा मागच्या खोलीचे पडदेबिडदे शिवत बसू नकोस.

बाबा

(कडेला: दाराच्या मागची सळई काढली आज. दोन वर्षं मी तिच्यावर फडकी वाळत घालत होते. म्हणाला, कोणी हिचा असा अपमान करायला सांगितला होता? म्हटलं, तूच. आत्या)


१९ मार्च

प्रिय आत्या,

बाबा सुखरूप आहेत. गाडीत शेजारच्या माणसाला सगळ्या प्रवासभर बोलू दिलं आणि मान हलवत राहिले. तो उतरताना म्हणे, “तुमच्यासारखा ऐकणारा भेटला नव्हता.” ही गोष्ट त्यांनी मला फलाटावर इतक्या मोठ्याने सांगितली की हमाल थांबले.

काल त्यांना चौकात नेलं. मी हात पुढे केला नाही. त्यांच्या डाव्या बाजूने, रस्त्याकडून, अर्धं पाऊल पुढे चालले. ते माझ्या मागे पडले नाहीत.

खड्ड्याशी मुकादम होते, लंबू होता, मोठ्या बाईसुद्धा आल्या. मुकादमांनी शिडीवर हात दिला. बाबांनी तो पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि दुसऱ्या पायरीवर डुगडुगल्यावर धरला. खाली गेल्यावर त्यांनी सळई खिंडाराच्या कडेला दगडावर टेकवली आणि सवयीने कानाला लावली.

आत्या, त्या वेळी त्यांचा चेहरा मला पाहवेना. त्यांनी दुसरा कान लावला. मग सळई दूर धरून तिच्याकडे पाहिलं, जसं कोणी ओळख विसरलेल्या मित्राकडे पाहील. मला वाटलं, मीच हे घडवलं, मी कशाला लिहिलं ते सगळं.

मग त्यांनी टोपी काढली आणि सळईचं टोक कपाळाला लावलं. डोळे मिटले.

“आहे,” ते म्हणाले. सगळ्या चौकाला ऐकू गेलं.

मग मला खाली बोलावलं. दुसरी सळई माझ्या हातात दिली. “तू कानाने ऐक. मी कपाळाने. मला काही वेगळं जाणवलं की मी तुझा हात दाबीन, तेव्हा तुला काय ऐकू आलं ते तोंड माझ्याकडे करून सांग.” मी ऐकायला लागले. तेच भरपूर, स्पष्ट पाणी. त्यांनी हात दाबला.

“काय झालं?”

“कमी झालं. थांबल्यासारखं. मग पुन्हा आलं.”

पुन्हा दाबला. पुन्हा तेच. अंतर दर वेळी वेगळं. मग त्यांनी मला पलीकडच्या रस्त्यावर खात्याला ठाऊक असलेल्या एका खऱ्या गळतीवर नेलं, मुकादमांनी जागा दाखवली. तिथे सळई लावली. तिथे पाणी एका सुरात चालू, जराही कमीजास्त नाही. त्यांनी हात दाबलाच नाही. नुसते माझ्याकडे पाहत राहिले.

“गळती दम घेत नाही,” मी म्हटलं. “नदी घेते.”

“बरोबर?” बाबांनी विचारलं.

“नक्की.”

“मला हे आत्ता कळलं,” बाबा म्हणाले. “या वयात. तुझ्याच वर्गात बसून.” आणि आत्या, ते हसत होते, आणि त्यांच्या कपाळावर सळईचा गोल ठसा उमटला होता. लंबू म्हणाला, “काका, मलाही शिकवा.” बाबांना ते ऐकू आलं नाही, पण त्याने सळईकडे हात केला तो दिसला. त्यांनी त्याला कपाळ कसं टेकायचं दाखवलं. मग मुकादम. मग मोठ्या बाईंनी चष्मा काढला आणि त्याही वाकल्या. नंतर तो वाणी, त्याची बायको, कोण कोण. चौकातली माणसं ओळीने उभी राहून एका सळईला कपाळ टेकवत होती आणि प्रत्येक जण उठताना वेगळाच होऊन उठत होता. मी बोळे घातले नव्हते. तरी मला बराच वेळ काही ऐकू आलं नाही.

अर्ज परत मागायला गेले तर मोठ्या बाई म्हणाल्या, “बरं झालं आलीस. तो मला कधीपासून सापडतच नाहीये.”

आज खड्डा बुजवला. रविवारी बाबांची गाडी आहे. मी राहा म्हणत नाही. विचारलं तर नाही म्हणतील, आणि एकदा म्हणाले की त्यांना स्वतःलाही ते फिरवता येत नाही. तू एकटी आहेस याचाही मला घोर आहे, म्हणजे मी राहा म्हणावं तरी कसं? काय करू ते लिही.

तुझी
मुंगी


२७ मार्च

ताई,

रविवारची गाडी गेली. मी तिच्यात नव्हतो. पोरीने विचारलं नाही, म्हणून मला नाही म्हणायची सोय राहिली नाही. हे तिला तू शिकवलंस का?

तिने लिहिलेल्या जागा पाहून झाल्या. पंपघरात दात खरंच वाजतात. वाचनालयात सगळे बहिरे असतात हे खोटं. मी पानं उलटताना आवाज करतो असं एका बाईने मला येऊन सांगितलं, म्हणजे चिठ्ठी लिहून दिली. टाकी भरून टाकली आहे, तिच्यावरच्या गवतावर मी दुपारी झोपलो. आपण काय अंगाखाली घेऊन झोपलोय हे कळल्यावर झोप येत नाही, पण उठवतही नाही.

आता माझी जागा लिहितो. तिला मी अजून सांगितलेली नाही.

मागच्या खोलीत माझी खाट भिंतीला लागून आहे. पहिल्या दिवशी पाठ टेकली तर भिंतीत काहीतरी सरसरलं. हात लावून पाहिला. घराचा पाइप त्या भिंतीतून वर जातो. तू ओळखतेस मला, मी दिवसभर तिथून हललो नाही. आता मला हे घर पाठ झालंय. वरच्या बाई उठल्या की नळ जोरात सोडतात. घरमालकीण जपून, थांबून थांबून. पोरगी कामावरून आली की आधी हातपाय धुते, ते लांब चालतं, मग भांडं भरते, ते थोडकं. दार वाजलेलं मला कळत नाही, पण ती घरात आली हे मला तिच्या आधी भिंत सांगते. आपल्या घरी हे नव्हतं, ताई. तिथे तू मागून येऊन उभी राहिलीस की दोन वर्षं मी रोज दचकत होतो. तुला सांगितलं नाही, तुला वाईट वाटलं असतं.

तू इकडे ये. शिंपिणीला किल्ली दे. खाट तुला देईन, भिंत देणार नाही.

आत्ता पाइप हलला. लांब नाही, आखूड. हातपाय न धुता आधी पाणी प्यायली, म्हणजे उन्हातून दमून आलीय. उठतो.

तुझा भाऊ